मुले आणि बंदुकीची सुरक्षितता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे आईवडील, आजी-आजोबा, शिक्षक आणि ज्यांच्या देखरेखीखाली मुले वाढतात अशा सर्वांसाठी आहेत. आपल्या घरी शस्त्र आहे की नाही, किंवा शस्त्र बाळगण्याविषयी आपले मत काय आहे, यामुळे त्यांत फारसा फरक पडत नाही. एक गोष्ट मात्र आरंभीच स्पष्ट करायला हवी. मुलाला दिलेले शिक्षण ही सुरक्षिततेची दुसरी फळी आहे. पहिली फळी म्हणजे मोठ्या माणसाने लावलेले कुलूप, आणि त्याची जबाबदारी मुलाकडे सोपवता येत नाही.

आमच्या घरात बंदूक नाही. तरीही मुलाला हे शिकवावे का?

शिकवावे. मूल मित्रांकडे, नातेवाइकांकडे, शेजारी जाते, आणि तिथे काय आहे हे आपल्याला नेहमीच माहीत नसते. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २००३ ते २०२१ या काळात बंदुकीच्या अपघातात दगावलेल्या, १७ वर्षांपर्यंतच्या १,२६२ मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के मुलांना कोणत्या ना कोणत्या घरात गोळी लागली होती. पण मुलाचे स्वतःचे घर असण्याचे प्रमाण ५६ टक्केच होते. म्हणजे बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते घर दुसऱ्या कोणाचे तरी होते. ज्या पालकांनी घरात कधी शस्त्र आणले नाही त्यांच्या मुलांना बहुधा या विषयावर कोणी काही सांगितलेले नसते, आणि म्हणून अनोळखी घरातल्या खणात पिस्तूल दिसले तर काय करायचे हे नेमके त्यांनाच ठाऊक नसते.

हा विषय काढला तर मुलाची उत्सुकता उलट वाढणार नाही का?

उत्सुकता आधीपासूनच असते. पडद्यावर, खेळांत, मित्रांच्या गप्पांत मुलाने बंदूक शेकडो वेळा पाहिलेली असते. त्याला अजून कोणी सांगितलेले नसते ते एवढेच, की पडद्यावरची बंदूक आणि खणातली बंदूक यांत फरक आहे आणि खऱ्या बंदुकीने मेलेला माणूस पुन्हा उठत नाही. त्यामुळे आपण गप्प राहिलो तर विषय टळत नाही, तो दुसऱ्याच्या तोंडून मुलापर्यंत पोहोचतो. मात्र बोलताना सूर शांत असावा. वीज, आग, खोल पाणी यांविषयी ज्या सुरात आपण समजावतो त्याच सुरात हेही समजवावे. घाबरवून सोडलेले मूल आपल्याला दिसलेली गोष्ट लपवण्याची शक्यता अधिक, आणि आपल्याला तर त्याने येऊन सांगायला हवे आहे.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

मूल साधी सूचना समजून पाळू लागले की, म्हणजे साधारण तीन-चार वर्षांच्या सुमारास. या वयात एकच नियम पुरतो: हात लावायचा नाही आणि मोठ्या माणसाला सांगायचे. सहा-सात वर्षांनंतर कारणे सांगता येतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाशी मित्रांच्या दबावाविषयी बोलणे गरजेचे ठरते, कारण त्याला नियम माहीत असतो, पण चारचौघांत तो पाळणे त्याला जड जाते. किशोरवयीन मुलांशी बोलण्याचा विषय त्याहून वेगळा आणि अधिक गंभीर आहे; त्याचे उत्तर पुढे स्वतंत्रपणे दिले आहे.

लहान मुलाला नेमके कोणते शब्द सांगावेत?

थांब. हात लावू नकोस. तिथून लगेच दूर जा. मोठ्या माणसाला सांग. या चार पायऱ्या जगभर वेगवेगळ्या रूपांत शिकवल्या जातात. नॅशनल रायफल असोसिएशन या अमेरिकेतील बंदूकधारकांच्या संघटनेने १९८८ साली मुलांसाठी सुरू केलेल्या कार्यक्रमातही त्याच होत्या. शब्द थोडे, क्रम ठरलेला आणि प्रत्येक पायरी ही अंगाने करायची कृती असल्यामुळे त्या मुलाच्या लक्षात राहतात.

यांतील तिसरी पायरी पालक अनेकदा गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मुलाने स्वतः हात लावला नाही तरी ते तिथेच उभे राहिले आणि दुसऱ्या मुलाने बंदूक उचलली, तर गोळी कोणालाही लागू शकते. वर उल्लेखिलेल्या १,२६२ मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक घटनांत चाप दुसऱ्याच कोणाकडून ओढला गेला होता. म्हणून मुलाला स्पष्ट सांगावे की दुसऱ्याच्या हातातली बंदूक हिसकावून घेण्याचा किंवा त्याला समजावत बसण्याचा प्रयत्न करायचा नाही. खोलीतून बाहेर पडायचे.

आणखी तीन गोष्टी सोबत सांगाव्यात. बंदूक खरी आहे की खेळण्यातली, अशी शंका आली तर ती खरीच समजायची. सुटे काडतूस किंवा गोळी सापडली तरी हाच नियम लागू होतो. आणि 'मोठा माणूस' म्हणजे कोण, हे नावानिशी ठरवून द्यावे, कारण पाच वर्षांच्या मुलाला बारा वर्षांचा दादाही मोठाच वाटतो.

मुलाला नियम तोंडपाठ आहेत. तेवढे पुरे नाही का?

नाही. या विषयावर झालेल्या संशोधनाने सर्वांत ठळकपणे काही दाखवले असेल तर ते हेच.

२००१ साली पीडियाट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत एका खोलीत काही वेळ थांबायला सांगितले होते. खोलीतल्या एका खणात निकामी केलेले खरे पिस्तूल ठेवलेले होते आणि संशोधक एकतर्फी काचेआडून पाहत होते. ४८ मुलांना ते पिस्तूल सापडले. त्यांपैकी ३० मुलांनी ते हाताळले आणि १६ मुलांनी चाप ओढला. ज्यांना ते सापडले त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातले वाटले होते, किंवा ते खरे आहे की नाही याची खात्री नव्हती. आणि ज्यांनी पिस्तूल हाताळले किंवा चाप ओढला त्यांच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितले की आपल्याला बंदुकीच्या सुरक्षिततेविषयी पूर्वी शिकवलेले आहे. ही मुले वाईट वळणाची किंवा बेशिस्त नव्हती. नियम ठाऊक असणे आणि समोर वस्तू आल्यावर तो पाळणे, या दोन गोष्टींतले अंतर त्या खोलीत उघडे पडले.

पुढे २००४ साली चार-पाच वर्षांच्या मुलांवर दोन पद्धतींची तुलना झाली. एका गटाला धडे आणि चित्रांतून नियम शिकवले. दुसऱ्या गटाकडून तेच नियम प्रात्यक्षिक दाखवून, पुन्हा पुन्हा करवून घेऊन आणि चुकल्यास तिथल्या तिथे सुधारून गिरवून घेतले. दोन्ही गट नियम तोंडी सांगू लागले. करून दाखवण्यात दुसरा गट बराच पुढे होता. परंतु आपल्यावर कोणाचे लक्ष आहे याची कल्पना नसताना मुलांसमोर बंदूक आली, तेव्हा कोणतीच पद्धत पुरेशी ठरली नाही. ज्या अभ्यासांत अशा न सांगता घेतलेल्या चाचणीच्या वेळी चुकलेल्या मुलाला त्याच जागी, त्याच क्षणी पुन्हा सराव दिला गेला, त्यांत मात्र मुले योग्य वागू लागल्याचे दिसले.

घरी यातून इतके नक्की करता येते. रंग, आकार यांवरून खेळण्यातलीच आहे हे मोठ्यांना ओळखता येईल अशी एक वस्तू सरावासाठी ठेवावी. खरे शस्त्र, रिकामे केलेले असले तरी, या सरावात कधीही वापरू नये. आधी आपण स्वतः करून दाखवावे: पाहिले, थांबलो, मागे वळलो, जाऊन सांगितले. मग मुलाकडून करवून घ्यावे. काही दिवसांनी न सांगता ती वस्तू बैठकीत ठेवावी आणि काय होते ते पाहावे. मूल चुकले तर रागावू नये. तिथेच उभे करून चारही पायऱ्या पुन्हा करवून घ्याव्यात. काही महिन्यांनी, दुसऱ्या खोलीत, भावंडे किंवा मित्र सोबत असताना पुन्हा पाहावे, कारण एकटे असताना नीट वागणारे मूल सोबत्यांसमोर वेगळे वागू शकते. इतके करूनही आपल्या हाती येते ती वाढलेली शक्यता, खात्री नव्हे. म्हणूनच कुलपाला पर्याय नाही.

आमच्या मुलाला बंदूक कुठे ठेवली आहे हे माहीतच नाही. मग धोका कसला?

असे बहुतेक शस्त्रधारक पालकांना वाटते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आईवडील आणि मुले यांना स्वतंत्रपणे प्रश्न विचारले गेले. 'मुलाला जागा माहीत नाही' असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी जागा माहीत असल्याचे सांगितले. 'मुलाने बंदुकीला कधी हात लावलेला नाही' असे म्हणणाऱ्या पालकांपैकी २२ टक्क्यांच्या बाबतीत मुलाचे उत्तर नेमके उलटे होते. कपाटाचा वरचा कप्पा, गादीखालची जागा, कपड्यांच्या घडीमागचा कोपरा या मोठ्यांच्या दृष्टीने लपवण्याच्या जागा असतात. घर पालथे घालणे हाच ज्यांचा दिवसभराचा उद्योग असतो त्यांच्या दृष्टीने त्या तशा नसतात. लपवणे आणि कुलूपबंद करणे यांत गल्लत करू नये.

घरात शस्त्र ठेवायचेच असेल तर ते कसे ठेवावे?

चार गोष्टी एकत्र पाळाव्यात: शस्त्र रिकामे असावे, ते कुलूपबंद असावे, काडतुसेही कुलूपबंद असावीत, आणि ती शस्त्रापासून वेगळ्या जागी असावीत. २००५ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात या चारही सवयींचा स्वतंत्रपणे विचार झाला आणि प्रत्येक सवयीचा मुलांच्या अपघाती व आत्मघाती इजा कमी असण्याशी संबंध आढळला. यांतली एखादी गोष्ट पाळणे हे काहीच न पाळण्यापेक्षा चांगले. चारही पाळणे सर्वांत चांगले. मुलांच्या डॉक्टरांची संस्था असलेली अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स मुळात असे सांगते की मुलांसाठी सर्वांत सुरक्षित घर म्हणजे शस्त्र नसलेले घर. हा सल्ला मला पटतो. परंतु व्यवसाय, शेतीचे रक्षण, खेळ किंवा अन्य कारणाने ज्यांना शस्त्र ठेवावे लागते त्यांच्या मुलांचेही रक्षण व्हायला हवे, म्हणून पुढचा तपशील.

रिकामे करणे म्हणजे काय, याबद्दल गैरसमज फार आहेत. पिस्तुलातून मॅगझिन (गोळ्या भरायची सुटी पेटी) काढले म्हणजे ते रिकामे झाले असे नाही. एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, राहिलेली असू शकते आणि मॅगझिन नसतानाही अनेक पिस्तुले ती झाडतात. म्हणून आधी मॅगझिन काढावे, मग चेंबर उघडून डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही प्रकारे तपासावे. 'सेफ्टी (चाप अडवणारा खटका) लावलेली आहे' यावर कधीही विसंबू नये. ते यांत्रिक साधन आहे, बिघडू शकते, आणि मुलाचे बोट ते सहज सरकवू शकते.

कुलूप दोन प्रकारचे असते. शस्त्राच्या आतून जाणाऱ्या तारेचे किंवा चापावर बसणारे कुलूप शस्त्राचा वापर रोखते. पोलादी तिजोरी शस्त्रापर्यंत पोहोचणेच रोखते. शक्य असेल तर दोन्ही वापरावीत. चापावरचे कुलूप भरलेल्या शस्त्रावर कधीही बसवू नये, कारण बसवतानाच चाप दाबला जाऊ शकतो. काचेचे दार असलेले शोभेचे कपाट म्हणजे तिजोरी नव्हे. किल्ली घरातल्या खुंटीवर किंवा देव्हाऱ्याच्या खणात ठेवू नये आणि आकडी कुलपाला मुलाची जन्मतारीख देऊ नये. मुलाला आकडे कळले असल्याची शंका आली तर त्याच दिवशी ते बदलावेत.

'रात्री कोणी घरात शिरले तर?' म्हणून उशाशी भरलेले पिस्तूल ठेवणारी माणसे असतात. त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. पण सीडीसीच्या त्याच नोंदींत, बंदूक कशी ठेवली होती हे जिथे कळले तिथे सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणांत ती भरलेली आणि कुलपाविना होती, आणि मुलांनी ती सर्वाधिक वेळा उशाशी, पलंगालगतच्या खणात किंवा अशाच झोपण्याच्या जागेतून घेतली होती. ज्यांना शस्त्र हाताशीच हवे आहे त्यांनी बोटांच्या ठशाने किंवा आकड्यांनी काही सेकंदांत उघडणारी, भिंतीला किंवा जड फर्निचरला पक्की बसवलेली लहान तिजोरी घ्यावी.

मोटारीतला खण, हातातली पर्स, बैठकीच्या टेबलावर 'दोन मिनिटांसाठी' ठेवलेले पाकीट यांनाही हाच नियम लागू आहे. शस्त्र एकतर कुलपात असावे किंवा जबाबदार प्रौढाच्या अंगावर आणि ताब्यात असावे. शस्त्राची सफाई करताना मुले खोलीत नसावीत, आणि काडतुसे तर त्या खोलीतही नसावीत.

इतक्या लहान मुलाला चाप ओढता तरी येईल का?

येतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या बोटांची ताकद मोजली होती. दोन्ही तर्जनी एकत्र लावून साडेचार किलोंच्या आसपास जोर देणे तीन-चार वर्षांच्या २५ टक्के, पाच-सहा वर्षांच्या ७० टक्के आणि सात-आठ वर्षांच्या ९० टक्के मुलांना जमले. अनेक पिस्तुलांचे चाप याहून हलके असतात. शिवाय लहान मूल पिस्तूल उलटे धरून दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबते, आणि त्या वेळी नळी त्याच्या स्वतःच्या तोंडाकडे असते.

मूल दुसऱ्यांकडे खेळायला जाणार असेल तर शस्त्राविषयी विचारणे उद्धटपणाचे नाही का?

मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आपण संकोच न करता सांगतो, कुत्रा बांधलेला आहे का तेही विचारतो. त्याच ओघात हा प्रश्न विचारावा: 'आमचं मूल जरा उचापती आहे, म्हणून विचारते, घरात एखादी बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?' यात समोरच्याच्या शस्त्रावर किंवा स्वभावावर शेरा नाही. समोरासमोर अवघड वाटत असेल तर निरोप लिहून पाठवावा. उत्तर टाळाटाळीचे वाटले तर मुलांना आपल्या घरी बोलावणे हा सौम्य आणि पुरेसा मार्ग आहे. आजी-आजोबांच्या आणि जवळच्या नातेवाइकांच्या घरांबाबत आपण हा प्रश्न सर्वांत कमी विचारतो, आणि मूल तर तिथेच सर्वांत मोकळेपणाने वावरते.

खेळण्यातल्या बंदुका देऊ नयेत का?

याबाबत पालकांत मतभेद आहेत आणि ते राहतील. मूल हाताच्या बोटांचीही बंदूक करते, त्यामुळे खेळणे न दिल्याने तो खेळ थांबतो असे नाही. द्यायचेच असेल तर भडक रंगाचे, खऱ्याशी साम्य नसलेले द्यावे, आणि खेळातही माणसांवर व प्राण्यांवर नेम धरू नये ही सवय लावावी. हुबेहूब दिसणारी नक्कल मात्र देऊ नये. तिच्यामुळे मुलाला खरे-खोटे ओळखणे कठीण होते, आणि सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्यांनाही ते ओळखता येत नाही. २०१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात उद्यानात अशी नक्कल घेऊन असलेला १२ वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने मृत्युमुखी पडला. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी रंग असण्याचा नियम आहे, पण रंग खरवडता येतो आणि खऱ्या शस्त्रालाही लावता येतो, म्हणून रंगावरून निष्कर्ष काढू नये हेही मुलाला सांगावे.

चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांचा परिणाम होतो का?

होतो, असे प्रयोगांवरून दिसते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८ ते १२ वर्षांच्या १०४ मुलांना एकाच चित्रपटाचा भाग दाखवला. काहींना बंदुका असलेला, काहींना त्या वगळलेला. नंतर खेळण्याच्या खोलीत निकामी केलेले खरे पिस्तूल सापडल्यावर बंदुका पाहिलेल्या मुलांनी ते अधिक वेळ हातात ठेवले आणि चाप अधिक वेळा ओढला. याच धर्तीवर २०२३ साली आलेल्या अभ्यासात दिलासा देणारी गोष्ट दिसली: आठवडाभर आधी बंदुकीच्या सुरक्षिततेविषयी जेमतेम एक मिनिटाची चित्रफीत पाहिलेल्या मुलांनी शस्त्र कमी वेळा हाताळले आणि मोठ्यांना अधिक वेळा सांगितले. सोबत बसून पाहावे आणि पडद्यावर गोळी सुटली की खऱ्या माणसाचे काय झाले असते ते एका वाक्यात सांगावे.

छर्र्यांची बंदूक निरुपद्रवी असते ना?

नाही. छर्रा सेकंदाला सुमारे ३५० फूट वेगाने जात असेल तर तो कातडी भेदू शकतो, आणि डोळा फुटायला त्याहून कितीतरी कमी वेग पुरतो. अनेक एअर गनचा, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रे सोडणाऱ्या बंदुकांचा, वेग याहून पुष्कळ जास्त असतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा सल्ला आहे की अशा वेगवान एअर गन १६ वर्षांखालील मुलांनी वापरू नयेत. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, वापरणे वेगळे. अंगणात एकट्याने डब्यावर नेम धरणे वेगळे. डोळ्यांना संरक्षक चष्मा दोन्हीकडे हवा.

आमची मुले आता मोठी आहेत, समंजस आहेत. तरीही कुलूप हवे का?

हवे, आणि कदाचित लहानपणापेक्षाही जास्त. किशोरवयात मुख्य धोका अपघातापुरता उरत नाही. या वयात परीक्षेतले अपयश, प्रेमभंग, अपमान, घरातले भांडण यांचा घाव अतिशय खोल बसतो आणि भावनांना आवर घालणारा मेंदूचा भाग अजून पूर्ण घडलेला नसतो. जीव देण्याचा विचार आणि प्रत्यक्ष कृती यांत अनेकांच्या बाबतीत फार थोडा वेळ जातो, आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर जगणे-मरणे ठरते. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी सुमारे नऊ प्राणघातक ठरतात. इतर बहुतेक मार्गांत वाचण्याची, आणि वाचल्यावर मन बदलण्याची, संधी कितीतरी जास्त असते. इस्रायलच्या लष्कराने २००६ साली जवानांना सुट्टीच्या दिवशी शस्त्र घरी नेण्यास मनाई केल्यानंतर १८ ते २१ वयोगटातील जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. साधन दूर ठेवण्याचा परिणाम याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

मूल एकलकोंडे झाले असेल, झोप-भूक बदलली असेल, 'मी नसतो तर बरे झाले असते' अशा अर्थाचे बोलत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर कुलपावरही विसंबू नये; शस्त्र कायद्याने परवानगी असेल त्या मार्गाने काही काळ घराबाहेर ठेवावे. मुलाला सरळ विचारावे: 'तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?' असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, बोलायला वाट मिळते. आणि त्याच दिवशी डॉक्टर, समुपदेशक किंवा आपल्या भागातील मदतवाहिनीशी संपर्क साधावा.

मुलाला नेमबाजी शिकायची आहे. परवानगी द्यावी का?

नेमबाजी हा ऑलिंपिकमधील खेळ आहे आणि तो शिस्तीने शिकवला जातो. किमान वय देशागणिक बदलते. जर्मनीत देखरेखीखाली एअर रायफल १२ व्या वर्षापासून आणि लहान बोअरचे (नळीचा आतला व्यास कमी असलेले) शस्त्र १४ व्या वर्षापासून चालते. आपल्या भागातील कायदा आधी पाहावा. पण वयापेक्षा स्वभाव महत्त्वाचा आहे. सांगितलेली गोष्ट पहिल्यांदा सांगताच ऐकणे, कंटाळा आला तरी क्रम न मोडणे, चूक झाली तर लगेच कबूल करणे, हे मूल रोजच्या व्यवहारात करत असेल तर ते तयार आहे. नसेल तर वर्षभर थांबल्याने काही बिघडत नाही.

सुरुवात १० मीटर एअर रायफलने करणे उत्तम, आणि शिकवणारा प्रशिक्षित असावा. तिथे चार नियम कायम पाळायचे. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजायचे. ज्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवायची नाही. नेम पक्का झाल्याशिवाय बोट चापावर न्यायचे नाही. लक्ष्य आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही. पॉइंट टू-टू बोअरच्या लहानशा गोळीचा पल्लाही दीड किलोमीटरहून अधिक असतो. एक नियम चुकला तरी दुसरा प्राण वाचवतो, अशी या चार नियमांची रचना आहे.

दोन गोष्टींकडे मात्र रेंजवर हमखास दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे कान. १४० डेसिबलच्या पुढचा एकच आवाजही ऐकण्याची शक्ती कायमची कमी करू शकतो, आणि बहुतेक बंदुकांचा आवाज त्याहून मोठा असतो. म्हणून कानात बोळे आणि वरून इअरमफ अशी दोन्ही साधने मुलाला द्यावीत, ती घट्ट बसतात की नाही ते पाहावे. दुसरी म्हणजे शिसे. गोळी सुटताना शिशाची बारीक धूळ उडते, ती हातांवर आणि कपड्यांवर बसते, आणि मुलांच्या शरीरात शिशाचे कोणतेच प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. रेंजवर काही खाऊ-पिऊ देऊ नये, निघताना साबणाने हात-तोंड धुवायला लावावे, कपडे घरी येताच बदलून वेगळे धुवावेत. बंद रेंजवर हवा नीट खेळती नसेल तर मुलाला तिथे नेऊ नये.

आणि हे सर्व शिकलेले मूलही घरात शस्त्र स्वतःहून काढू शकणार नाही, अशीच व्यवस्था हवी. प्रशिक्षण झाले म्हणून किल्ली देऊ नये.

शाळेत कोणाकडे बंदूक असल्याचे किंवा तशी धमकी दिल्याचे मुलाला कळले तर?

त्याने ताबडतोब मोठ्या माणसाला सांगावे. थट्टा असेल असे वाटले तरी, आणि मित्राने शपथ घातली असली तरी. सांगणाऱ्या मुलाचे नाव फुटणार नाही याची काळजी शाळेने व पालकांनी घ्यावी, नाहीतर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.

मुलाने येऊन 'मला बंदूक दिसली' असे सांगितले तर काय करावे?

आधी त्याला शाबासकी द्यावी. जिथे जायला मनाई केली होती तिथेच ते गेले होते असे कळले तरी त्या क्षणी रागावू नये. तो विषय दुसऱ्या दिवशी काढता येतो. मग शांतपणे विचारावे: कुठे दिसली, तिथे आणखी कोण आहे, कोणी हात लावला का. 'लावला' असे उत्तर आले तरी शिक्षा करू नये, कारण पुढच्या वेळचे खरे उत्तर यावर अवलंबून असते. इतर मुलांना तिथून हलवावे आणि एका प्रौढाने लांबून त्या जागेवर लक्ष ठेवावे.

शस्त्र आपल्याच घरचे असेल तर ते ज्याला हाताळता येते त्याने रिकामे करून कुलपात ठेवावे, आणि ते बाहेर कसे राहिले याचा शोध घ्यावा. दुसऱ्याच्या घरचे असेल तर त्या घरातल्या प्रौढाला लगेच कळवावे. रस्त्यावर, झुडपात, भाड्याच्या खोलीत किंवा निधन झालेल्या नातेवाइकाच्या सामानात सापडले असेल आणि आपल्याला शस्त्राची माहिती नसेल, तर ते उचलू, हलवू किंवा रिकामे करू नये. पोलिसांना बोलावून ते येईपर्यंत तिथेच थांबावे. कोणाला गोळी लागली असेल तर मुलांना दूर करून आधी आपत्कालीन सेवेला फोन लावावा, आणि मदत येईपर्यंत रक्त वाहणाऱ्या जागी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे; कापड भिजले तर ते न काढता त्यावरच दुसरे ठेवून दाब कायम ठेवावा.